गेणबांच्या खोलीतला रेडॉन

जो शत्रू दिसतो त्याच्याशी भांडून माणूस मोकळा होतो. जो दिसत नाही त्याच्यासाठी समिती नेमावी लागते. रेडॉन हा वायू असाच आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही आणि (आमच्या तालुक्यात हे विशेष) तो कुठल्याही पक्षात नाही. तो जमिनीतून निघतो, फरशीच्या फटीतून घरात येतो आणि घर बंद असेल तर तिथंच मुक्काम ठोकतो. असल्या हवेत वर्षानुवर्षं श्वास घेतला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो, असं शास्त्र सांगतं. खिडकी उघडली तर तो बराचसा निघून जातो, असंही शास्त्रच सांगतं. पण हे दुसरं वाक्य इतकं फुकटचं आहे, की त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही यात नवल नाही.

प्रस्तुत हकीकत शिरूर तालुक्यातल्या, कवठे येमाईकडं जाणाऱ्या रस्त्याकडेच्या आमच्या वस्तीची आहे. वस्ती धनगरांची. आमचे आजे-पणजे मेंढरांमागं फिरायचे आणि दिवस मावळेल तिथं झोपायचे. आता आम्ही सगळे एका जागी बसलो आहोत आणि बसलो आहोत हे लांबून दिसावं म्हणून स्लॅबची घरं बांधली आहेत. त्यातला पहिला खराखुरा बंगला संपतचा.

संपतच्या बंगल्याला खिडक्या भरपूर आहेत आणि त्या उघडत नाहीत. याची कारणं पुढं नेमलेल्या समितीनं रीतसर नोंदवली आहेत. खिडकी उघडी दिसली तर एसी बंद आहे हे रस्त्यावरून कळतं. एसी बंद म्हणजे बिल परवडत नाही असा अर्थ निघतो. शिवाय काचेवरचं कंपनीचं स्टिकर अजून काढलेलं नाही आणि खिडकी सरकवली की ते दुसऱ्या काचेमागं जातं. कोंबड्यांचा वास हेही एक कारण होतं. पण पोल्ट्री संपतचीच असल्यानं त्यानं ते खोडायला लावलं.

या बंगल्यातली सगळ्यांत चांगली खोली, म्हणजे तळमजल्यावरची मास्टर बेडरूम, संपतनं वडिलांना दिली. गेणबांचं वय ऐंशीच्या आसपास असावं (वस्तीतल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांची आधार कार्डावरची जन्मतारीख एक जून आहे, त्यामुळं नक्की सांगता येत नाही). बायको भामाबाई गेल्यापासून ते एकटे. त्यांच्यासाठी संपतनं डबल बेड घेतला, छताला पीओपी केलं, त्यात निळे दिवे सोडले. असा मुलगा मिळायला भाग्य लागतं. गेणबांना ते भाग्य नको होतं. त्यांना अंगणात बाज टाकून झोपायचं होतं, जसे ते जन्मभर झोपत आले.

"आत निजलं की रात किती ऱ्हायली ते कळत न्हाई," ते म्हणायचे. "वर बघावं तर निळं दिवं."

"आबा, बंगला बांधला आन् बापाला भाईर टाकलं म्हणत्याल लोकं," संपत म्हणायचा, आणि बाहेरच्या दाराला आतून कुलूप लावायचा.

इथं 'लोकं' हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढं त्यांचा तपास करायचा आहे.

तर असं सगळं आदर्श चाललं असताना संपतची मुलगी स्वप्नाली घरी एक पांढरी डबी घेऊन आली. स्वप्नाली रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. तिथले परदेशी साहेब मायदेशी परत जाताना घरातलं सामान वाटून गेले. कुणाला मिक्सर मिळाला, कुणाला गादी. स्वप्नालीच्या वाट्याला रेडॉन मोजायचा मीटर आला. तिनं तो उत्सुकतेपोटी आबांच्या खोलीत ठेवला, ती कामावर परत गेली आणि आठवड्यानं त्यावर २९० हा आकडा उभा राहिला.

आकडा वाचायला मला बोलावलं, कारण मी दूध संकलन केंद्रावर उभी हयात फॅट काढण्यात घालवली आहे आणि वस्तीत यंत्राशी बोलणारा मीच. त्या मापाचं नाव बेक्वेरेल. ते कुणालाच उच्चारता येईना, म्हणून 'पॉइंट' म्हणायचं ठरलं. आता आमच्याकडं फॅटचे पॉइंट जितके जास्त तितका माल चांगला, हे शेंबडं पोरही जाणतं. मी संपतचं अभिनंदन केलं. त्यानं पेढे वाटले. शेजारच्या म्हाळूनं, जो संपतचा चुलतभाऊ आहे, तोंड पाडून तो मीटर आठवडाभर उसना नेला. त्याच्याकडं जेमतेम साठ निघाले.

मग स्वप्नाली सुट्टीवर आली आणि तिनं खुलासा केला, की हे दूध नाही. शंभरच्या आत असलं तर बरं, तीनशेला पोचलं तर काहीतरी करायलाच पाहिजे. आपल्या काळ्या पाषाणात हा वायू तसा कमीच असतो. पण पप्पांनी जोत्यात कुठूनकुठून भराव आणून टाकला, वर परप्रांतातला ग्रॅनाइट अंथरला आणि खोली डब्यासारखी बंद केली. शेवटी ती म्हणाली, "पप्पा, खिडकी उघडून तर बघा."

ही सूचना पुढच्या बैठकीत घेण्याचं ठरलं. बैठक घ्यायला समिती लागते, म्हणून रेडॉन निवारण समिती स्थापन झाली. अध्यक्ष संपत (२९०), सदस्य म्हाळू (६०), सचिव मी (माझ्या घराचं छप्पर पत्र्याचं आहे आणि भिंत व छप्पर यांच्यात वीतभर फट आहे, त्यामुळं मीटरनं माझ्याकडं लक्षच दिलं नाही). ग्रामपंचायतीचा या समितीशी काही संबंध नाही.

समितीनं पहिलं काम केलं ते तज्ज्ञ गाठण्याचं. तज्ज्ञ दौंडला सापडले. दौंड जंक्शन असल्यानं जगातली कुठलीही गोष्ट आधी तिथं उतरते, असा आमच्या भागात समज आहे. हे पप्पूशेठ पूर्वी पाण्याचे फिल्टर विकायचे, मग इन्व्हर्टर, मग सीसीटीव्ही. ते आले, खोलीत उभे राहिले, नाकानं हवा ओढली आणि म्हणाले, "साहेब, हा सायलेंट किलर आहे." (फिल्टर विकताना ते पाण्यातल्या क्षारांना आणि कॅमेरे विकताना चोरांना हेच म्हणत. यावरून त्यांच्या अभ्यासातलं सातत्य दिसतं.)

उपाय शास्त्रशुद्ध होता. फरशीच्या फटी बुजवायच्या, फरशीखालून एक पाइप काढून गच्चीच्या वर न्यायचा आणि त्याला पंखा लावून जमिनीतला वायू परस्पर आकाशात सोडायचा. मात्र पाइप कुठं बसवायचा, यावर शास्त्र आणि रस्ता यांच्यात मतभेद झाले. शास्त्राचं म्हणणं, बेडरूममध्ये. पण बेडरूम रस्त्याआड, अंगणाच्या बाजूला, तिथला पाइप कोण बघणार? रस्त्याचं ऐकायचं ठरलं. पाइप पुढच्या पोर्चमध्ये बसला, त्याला सोनेरी रंग दिला आणि पंख्याचं उद्‌घाटन झालं.

पाइपचा परिणाम तत्काळ दिसला. महिन्याभरात वस्तीतल्या बऱ्याच घरांवर पाइप उगवले. म्हाळूचा पाइप तर कुठल्याच जमिनीतून निघत नाही. तो भिंतीला क्लिपांनी धरलेला आहे आणि त्याच्या टोकाला कारखान्याच्या छपरावर असतो तसा फिरता भोपळा आहे. मीटरवरचा आकडा मात्र २९० वरून २८५ वर आला. समितीनं या घटीचं स्वागत केलं.

पप्पूशेठनी जाताना एक रिपोर्ट दिला होता. पान भरावं म्हणून त्याच्या शेवटी एक ओळ होती: 'शक्य असल्यास बाधित व्यक्तीने सदर खोलीत झोपणे टाळावे.' ही ओळ मी मोठ्यांदा वाचली. कोपऱ्यात बसलेल्या गेणबांनी ती मला पुन्हा वाचायला लावली.

"खाली सही-शिक्का हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

आहे म्हणालो. ते उठले आणि गोठ्यातली बाज स्वतः ओढत अंगणात घेऊन आले. संपतनं अडवलं नाही. बाज तीच, अंगण तेच, म्हातारा तोच. पण आधी ते बापाला बाहेर टाकणं झालं असतं, आता ते आरोग्याची काळजी घेणं झालं. बघायला येणारे संपतची पाठ थोपटून जाऊ लागले. गेणबा त्या बाजेवर मेल्यासारखे झोपले, आणि सकाळी उठून इतक्या वर्षांत पहिल्यांदा सुनेला चहा चांगला झालाय म्हणाले.

आता जी गोष्ट एकाच्या अंगणात शोभते ती दुसऱ्याच्या अंगणात नसेल तर दुसऱ्यानं काय करावं? म्हाळूच्या आई अनसाबाई, म्हणजे नात्यानं गेणबांच्या वहिनी. त्या गुडघ्यांनी अधू आहेत आणि स्वयंपाकघरालगतच्या उबदार खोलीत भिंतीला पाठ लावून झोपणं हे त्यांचं उरलेलं सुख. म्हाळूच्या घरात पॉइंट साठ, म्हणजे धोका काही नाही. पण वस्तीत आता आईबापावर प्रेम असणं आणि त्यांना अंगणात झोपवणं यांत फरक राहिला नव्हता. म्हाळूनं नवी खाट आणली, मच्छरदाणी लावली आणि ऐन पौषात आईला बाहेर काढलं. तिला बाहेर यायचंय का, हे विचारायचं राहून गेलं. (गेणबांना आत यायचंय का, हेही असंच राहून गेलं होतं. समितीच्या विषयपत्रिकेत तो विषय कधी आलाच नाही.)

अनसाबाईंनी चार-सहा रात्री बाहेर काढल्या. मग समितीसमोर येऊन त्यांनी निवेदन केलं.

"त्यो वायू माणूस मारायला ईस-तीस वरसं घेतो म्हणं. माजी गुडघी आजच मरत्यात."

समितीनं हा युक्तिवाद नोंदवून घेतला आणि चहा मागवला. उत्तर गेणबांनी दिलं. ते म्हणाले, "वैनी, माजी खोली मोकळीच पडलीया. मला नगं, तुमाला पायजे. जावा की." अनसाबाईंनी वाकळ उचलली आणि थेट मास्टर बेडरूममध्ये जाऊन डबल बेडवर मधोमध अंग टाकलं. संपतला चुलतीला उठ म्हणता येईना आणि म्हाळूला आईला ओढून नेता येईना.

अनसाबाईंना मिश्रीची सवय आहे. मिश्री लावली की थुंकायला लागतं, आणि थुंकायला खिडकी लागते. ही खिडकी उघडायची नसते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी पहिल्याच सकाळी ती खाडकन सरकवली आणि मग दिवसभर तशीच ठेवली. रात्रीही वीतभर फट राहू दिली. पाठीशी ऊन खाल्लेली भिंत आणि अंगावर वाकळ असल्यावर तेवढी हवा त्यांना चालते. आठवड्यानं स्वप्नालीनं मीटर पाहिला. ४५.

समितीची तातडीची बैठक झाली. खिडकीमुळं आकडा पडला असं नोंदवलं असतं, तर पाइप कशासाठी बसवला हा प्रश्न उपस्थित झाला असता. मिश्रीमुळं पडला असं नोंदवणं शास्त्राला धरून झालं नसतं. सबब 'पाइपचा परिणाम उशिरा दिसून आला' असा ठराव एकमतानं मंजूर झाला. पप्पूशेठनी पाइपसोबत फोटो काढून घेतला. स्वप्नाली कपाळावर हात मारून कामावर निघून गेली.

इथं हकीकत संपायला हरकत नव्हती. पण गेणबांची बाज रात्री नेमकी त्या खिडकीखाली असते. दोघंही म्हातारे, झोप कमी. अनसाबाई आतून विचारतात, "भावजी, किती रात ऱ्हायली?" गेणबा वर बघतात आणि सांगतात, "आजून लई हाय, निजा." कधी ते मेंढरांच्या वाटांचं काढतात, कधी भामाबाईंचं. मी एकदा जाता-जाता ते ऐकलं आणि मला फार बरं वाटलं. (अहवालात बरं वाटण्याला रकाना नाही.)

दोघांच्याही मुलांना मात्र बरं वाटेना. संपतचं म्हणणं, आता ४५ आहे, आबांनी आत यावं. म्हाळूचं म्हणणं, आईनं घरी यावं, म्हणजे घराच्या बाहेर यावं. कारण दोघांचं एकच: लोकं काय म्हणतील.

सचिव या नात्यानं मी नियमावर बोट ठेवलं. ज्यांच्या म्हणण्यावरून निर्णय घ्यायचा, ते लोक आधी सापडले पाहिजेत. तपास सुरू झाला. संपतनं म्हाळूकडं बोट दाखवलं, म्हाळूनं संपतकडं. वस्तीत दारोदार विचारलं. प्रत्येकानं सांगितलं, आम्ही नाही बा, पण बोलतात. खुटबावच्या पाहुण्यांवर संशय गेला. त्यांच्यातल्या भैरूला फोन लावला. तो म्हणाला, "आमी कशाला म्हणू? पर लोकं म्हणत्यात." शिरूरच्या बाजारात, दौंडच्या फलाटावर, कुठंही एकसुद्धा लोक सापडला नाही. त्यामुळं निर्णय लांबत गेला, आणि तेवढे दिवस दोन म्हातारी माणसं आपापल्या मनासारखी झोपली.

आज ही हकीकत मी लिहून काढली ती तपासाचाच भाग म्हणून. वरचा खिडकीचा आणि बाजेचा मजकूर वाचताना तुमच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. 'या वयात' असे दोन शब्द मनात येऊन गेले. नाही म्हणू नका; यंत्र वाचण्यात माझी हयात गेली आहे.

तपास पूर्ण झाला. लोक सापडले. म्हाळू संध्याकाळी आईला आणि तिची वाकळ न्यायला येणार आहे, त्याला काय सांगू तेवढं कळवा.