पुराणिककाकांचा चार नंबरचा हायब्रीड

आमच्या सोसायटीत पुराणिककाकांना कुणी पत्ता विचारू नये, असा अलिखित नियम आहे. डेअरी किती लांब आहे म्हणून विचारलं, तर ते डोळे बारीक करून डेअरीच्या दिशेने बघतात, वाऱ्याचा अंदाज घेतात आणि सांगतात, "आठ नंबरचं आयर्न." रिक्षा स्टँड त्यांच्या हिशेबाने पाच नंबरवर आहे. केमिस्ट सहा आणि सातच्या मध्ये येतो, म्हणजे भलत्याच अडचणीच्या जागी. विचारणारा मान डोलावतो आणि वॉचमनकडे जातो.

काका गोल्फ खेळतात; आयर्न म्हणजे त्या खेळातली लोखंडी डोक्याची काठी, नंबर जितका लहान तितका चेंडू लांब जातो. माजिवड्याच्या दोन खोल्यांत राहून, पायात कॅनव्हासचे बूट घालून आणि डोक्याला सुती रुमाल बांधून खेळतात. डोंबिवलीच्या एका केमिकल कारखान्यात ते तीस वर्षं होते. तिथला परदेशी साहेब मायदेशी जाताना आपली गोल्फची पिशवी यांच्या टेबलापाशी ठेवून म्हणाला, कुणाला तरी देऊन टाका. काकांनी ती कुणालाही दिली नाही. खरं गोल्फचं मैदान त्यांनी उभ्या जन्मात चारपाच वेळा पाहिलं असेल. त्यांचा सगळा खेळ आमच्या इमारतीमागच्या, बंद पडलेल्या एका कारखान्याच्या मोकळ्या जागेत चालतो.

तिथे ना भोक, ना झेंडा. काकांना त्यात रसही नाही. त्यांची नोकरी प्रेशरचे आणि तापमानाचे काटे बरोबर दाखवतात की नाही, हे तपासण्याची होती. त्यामुळे कुठल्या क्लबने, म्हणजे कुठल्या काठीने, चेंडू किती मीटर जातो, हे पक्कं कळलं की त्यांचा खेळ संपला. "अंतर बसलं पाहिजे," हे त्यांचं पालुपद. लग्नाच्या पंगतीत वाढप्यालासुद्धा त्यांनी हे ऐकवलेलं आहे.

अंतर मोजायच्या शैलाकाकू. काकू डोंबिवलीच्या शाळेत शिक्षिका होत्या. खेळांच्या महिन्यात मैदानावर फक्कीच्या रेघा ओढायचं काम त्यांच्याकडे असे आणि टेप न लावता त्या नुसत्या पावलांनी मैदान आखत. शंभर पावलांचे सत्तर मीटर, त्यात इकडचं तिकडे नाही. काकांनी लग्नानंतर एकदा टेप लावून खात्री करून घेतली आणि पुन्हा कधी शंका काढली नाही. काका चेंडू मारणार, काकू मोजत मोजत चेंडूपर्यंत जाणार, तिथून शाळेच्या आवाजात आकडा सांगणार आणि काका तो वहीत लिहिणार. नवराबायकोत एवढं बोलणं पुष्कळ झालं, असं माझी बायको म्हणते.

या भानगडीत मी सापडलो तो माझ्या शुगरच्या रिपोर्टमुळे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून मी सकाळी त्या मैदानाला फेऱ्या घालत होतो. काकांना माणूस नुसता चालतोय हे बघवेना. "नुसता काय फिरतोस, मिलिंद?" म्हणत त्यांनी माझ्या हातात बादली दिली. तेव्हापासून चेंडू गोळा करायचं खातं माझ्याकडे आहे.

मग काकूंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम झालं, पण काकू सोफ्यावर बसल्या त्या बसल्याच. डॉक्टर म्हणाले चाला, फिजिओथेरपीवाली म्हणाली चाला, काका तर उठता बसता म्हणत. "स्वयंपाकघरापर्यंत जाते, तेवढं पुरे," हे काकूंचं उत्तर. ज्या बाईने मैदानं आखली, तिला हातात काठी घेऊन चार लोकांत जायची लाज वाटत होती. मला त्यांचा रागच यायचा, कारण इकडे काका वाळत चालले होते. मैदानावर येत, दोन चेंडू मारत आणि वही न उघडताच परत जात.

दसऱ्याच्या सुमाराला एका सकाळी त्यांनी पिशवीतून तीन आणि चार नंबरची आयर्नं काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, ही आता माळ्यावर जातील. त्यांच्या जागी एक नवा क्लब होता, गुबगुबीत डोक्याचा. हा हायब्रीड. मग अर्धा तास व्याख्यान. लांब आयर्नाचं पातं पातळ, चेंडू वर उचलायला अंगात जोर लागतो, वय झालं की ते कधी शंभर मीटरवर लोळतं तर कधी दीडशेवर पोचतं. हायब्रीडचा तळ रुंद, तो चेंडू आपसूक वर काढतो. पण त्याच्यावर चार लिहिलंय म्हणून तो चार नंबरच्या आयर्नाएवढाच जाईल असं धरून चालणारे लोक फसतात, कारण बहुधा तो जास्तच जातो. तेव्हा आकडा बघून क्लब बदलायचा नाही. पाच नंबर किती जातो, त्याच्या पुढे हा किती जातो, मधे नीट पायरी पडते का, हे मोजायचं. म्हणजेच, अंतर बसलं पाहिजे.

मी मोजून देतो म्हटलं. काकांनी मला दोनदा चालवून पाहिलं आणि नापास केलं. "तुझं पाऊल मूडवर आहे," असा शेरा मिळाला. संध्याकाळी त्यांनी काकूंपुढे वही ठेवली. नवा क्लब आलाय, मोजायला कुणी नाही, सगळा तक्ता अडकलाय. काकू कुरकुरल्या, पण एवढा जुना तक्ता अर्धवट राहावा हे मास्तरणीला पटेना. दुसऱ्या दिवशी त्या काठी टेकत मैदानावर आल्या. काकांनी चेंडू मारला. काकू थांबत थांबत तिथवर गेल्या आणि ओरडल्या, "दोनशे ब्याऐंशी!"

मी तोंडी हिशेब केला. एकशेसत्त्याण्णव मीटर. बहात्तर वर्षांच्या माणसाने हा पल्ला गाठणं मला जरा जडच गेलं, पण काकूंच्या पावलाबद्दल बोलायची प्राज्ञा कुणाची?

पुढे सगळं उलटंच झालं. महिन्याभरात आकडा दोनशे साठवर आला. संक्रांतीला दोनशे चाळीस. होळीच्या आसपास दोनशे पंचवीस. चेंडू दिवसेंदिवस जवळ पडायला लागला आणि काकांचा चेहरा दिवसेंदिवस खुलायला लागला. दोनशे चाळीसच्या दिवशी तर त्यांनी मला खारी आणि चहा दिला. अंतर बसलं का म्हणून विचारलं की म्हणत, अजून नाही, घाई करू नकोस. एका क्लबाचं अंतर बसायला सहा महिने? मला वाटलं, म्हाताऱ्याचं गणित सुटलं.

एकदा काकूंनी मला जिन्यात थांबवलं.

"मिलिंद, खरं सांग. यांची ताकद चाललीय ना रे?"

मी काहीतरी गुळमुळीत बोललो.

"रोज रात्री खांद्याला तेल चोळते मी. तरी आकडा खालीच येतोय. मी घरी राहिले तर हे एकटे मारत बसतील, कुठे पडले बिडले तर? म्हणून येते मी. नाहीतर ही काठी घेऊन मिरवायची मला हौस आहे का?"

त्यांचे डोळे भरलेले होते. मला फार वाईट वाटलं. मी साइट इंजिनियर आहे, रस्ता मोजायचं चाकाचं यंत्र माझ्या गाडीतच पडलेलं असतं. दुसऱ्या दिवशी काकू घरी गेल्यावर मी ते फिरवलं. एकशेएक्केचाळीस मीटर. त्यानंतर आठवडाभर गुपचूप मोजत राहिलो. एकशेचाळीस, एकशेएकोणचाळीस, पुन्हा एकशेचाळीस. चेंडू जागचा हलत नव्हता. बदलत होतं ते काकूंचं पाऊल. ऑपरेशननंतर ते आखूड झालेलं होतं आणि आता हळूहळू लांब पडत होतं.

काटे तपासणाऱ्या माणसाची चूक सापडल्यामुळे मी जरा फुशारूनच काकांना गाठलं. त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं.

"हळू बोल. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

मग समजावून सांगितलं. काटा तपासायचा तर आधी खात्रीचं प्रेशर लागतं. लांब आयर्नाची खात्री नव्हती, म्हणून ती माळ्यावर गेली. हायब्रीड रोज तिथल्या तिथे पडतो. त्यांना चेंडू मोजायचाच नव्हता, बायकोचं पाऊल मोजायचं होतं. पाऊल आखूड झालंय असं तोंडावर सांगितलं असतं तर तिने पुन्हा उंबरा ओलांडला नसता, असं ते म्हणाले.

मग मी त्यांना जिन्यातलं बोलणं सांगितलं.

काका बादली पालथी घालून तिच्यावर बसले. बराच वेळ हाताने खांदा दाबत होते.

"मला वाटायचं, तिला आता बरं वाटतंय म्हणून तेल लावते," ते म्हणाले.

मी म्हटलं, इतक्यात काही सांगू नका. कळलं की त्या पुन्हा सोफा धरतील, सहा महिन्यांची मेहनत वाया जाईल. ती भीती त्यांनाही होतीच, तोंडावर दिसत होती. पण त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"चुकीचं रीडिंग माहीत असून चालू ठेवायचं नसतं, मिलिंद. ती माझ्या काळजीने झुरतेय. आजच सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका एकटेच जिना उतरले. पिशवी होती, पण चालण्यात जीव नव्हता. म्हणाले, सांगितलं सगळं. ऐकून घेतलं आणि दिवा मालवून झोपली. सकाळी चहा झाकून ठेवून कधी बाहेर पडली कळलं नाही, देवळात गेली असेल. मी कपाळाला हात लावला. आता या बाई खाली येत नाहीत, हे मी ठरवूनच टाकलं.

आम्ही मैदानाच्या फाटकातून आत शिरलो. पार पलीकडे, भिंतीच्या अलीकडे, गवतात काकू काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या.

"एकशेचाळीस इथेच ना?" त्यांनी शाळेच्या आवाजात विचारलं.

काकांनी डोळे बारीक केले. "अजून थोडं मागे. दोनेक मीटर."

काकू तीन पावलं मागे सरकल्या. काकांचा हात सवयीने पिशवीकडे गेला.

"मारू नका," काकू म्हणाल्या. "रोज मीच येते तुमच्या चेंडूमागे. आज तुम्ही या चालत."

काकांनी पिशवी माझ्याकडे दिली आणि निघाले. ते इतक्या भराभर गेले, की त्यांची पावलं मोजायची म्हटली असती तरी मला मोजता आली नसती.