श्टेफानची म्हातारी

गेल्या ऑक्टोबरातला दुसरा शनिवार. आयर्लंडमधल्या नावन गावच्या एका छोट्या हॉलमध्ये साठ खुर्च्या मांडलेल्या आणि प्रेक्षक नऊ. त्यात माझी बायको आणि हॉलचा रखवालदारही धरला आहे. पडद्याच्या फटीतून अठ्ठावन्न वर्षांचा एक मिशीवाला माणूस बाहेर बघत होता. त्याच्या डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेला. हा श्टेफान, माझा शेजारी.

"पाच मिनिटं थांबू," तो म्हणाला. चौथ्यांदा.

त्याची मुलगी झुझाना स्लायगो शहराहून येणार होती. म्हणजे, "बघते" म्हणाली होती.

श्टेफान स्लोव्हाकियाचा. हे पहिल्याच भेटीत समजतं, कारण समजल्याशिवाय तो सोडत नाही. आमच्याकडे प्रथम चहाला आला, तेव्हा जुन्या बाजारातून आणलेला आमचा पृथ्वीगोल त्याने उचलला. त्यावर चेकोस्लोव्हाकिया छापलेलं दिसलं. त्याने खिशातून पेन काढलं, मधोमध रेघ मारली आणि इथल्या आयरिश लोकांसारखं म्हणाला, "आता ग्रँड." म्हणजे झकास.

मग त्याने आपल्या देशाच्या इतिहासावर इंग्रजीत नाटक लिहिलं. विनोदी. एक म्हातारी हजार वर्षं स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसली आहे. मधूनमधून कोणीतरी नवा साहेब दार ढकलून आत येतो. आधी हंगेरियन कारकून, मग चेक मास्तर, जर्मन अधिकारी, शेवटी रशियन शिपाई. प्रत्येक जण दरडावतो, "तू कोण?" म्हातारीचं सगळ्यांना एकच उत्तर, "आधी जेवून घे."

मी म्हटलं, "श्टेफान, हजार वर्षांपूर्वी युरोपात बटाटा नव्हता."

"हे या बटाटेखाऊ आयर्लंडमध्ये मोठ्याने बोलू नकोस."

म्हातारी तो स्वतः. साहेब व्हायला मात्र गावातला एकही स्लोव्हाक तयार होईना. चारही कामं माझ्या गळ्यात पडली. "तू तटस्थ आहेस," तो म्हणाला. "तुझ्या देशाने आमच्यावर कधी राज्य केलं नाही."

मी कारखान्यात मालाचा दर्जा तपासणारा माणूस, स्टेजवर कधी चढलेलो नाही. चार टोप्या क्रमाने टेबलावर मांडल्या, प्रत्येकीला चिठ्ठी लावली, मग परत मोजल्या. बायको विंगेत डोकावली. "अहो, घाम पुसा. राज्य करायला निघालात ना?"

सात पंचवीसला रखवालदाराने घड्याळ दाखवलं. झुझानाशिवायच पडदा उघडला. श्टेफान सोलायला बसला. बटाट्याची सालं जाड निघत होती.

पहिला प्रवेश निभावला. दुसऱ्याच्या तोंडावर हॉलचं दार वाजलं आणि पाठीवर बॅग घेतलेली एक मुलगी शेवटच्या रांगेत बसली. दहा. त्या नादात मी हाताला लागली ती टोपी चढवली, आत शिरलो आणि चेक मास्तरांचं वाक्य ठोकलं. दोन स्लोव्हाक खुदखुदले. माझ्या डोक्यावर लाल ताऱ्याची रशियन टोपी होती. पुढची वाक्यं मी साफ विसरलो.

म्हातारीने सावकाश मान वर केली. "मास्तर, ही टोपी पन्नास वर्षं आधी आली. आता आलाच आहात, तर जेवून घ्या."

हॉल हसला. सगळ्यांचं हसून झाल्यावर मागच्या रांगेतून एक हसणं उशिरा, उंच आवाजात आलं. श्टेफानच्या हातातला बटाटा सुटला आणि गडगडत प्रेक्षकांत गेला.

नाटक संपल्यावर झुझाना स्टेजवर आली. "डॅड, ही तर आपली आजी! फोनवर हेच म्हणायची. तिचं तेवढं एकच स्लोव्हाक वाक्य मला कळायचं." श्टेफानने नाटक स्लोव्हाकऐवजी इंग्रजीत का लिहिलं, ते मला तेव्हा उमगलं.

"पण मी जन्मले तेव्हाचा प्रवेश कुठाय?" तिने विचारलं.

श्टेफानने रुमालाची गाठ सोडली. "लिहिला होता. काढून टाकला."

"का?"

"त्यात कोणीच येत नाही. देश आमचा झाला, आणि मी इकडे निघून आलो. म्हातारी एकटीच बसलेली असते."

झुझानाने पाठीवरची बॅग खाली ठेवली. मग स्टेजवरच्या त्या लाकडी दारातून बाहेर गेली, आणि दार ढकलून आत आली.

श्टेफान उठून उभा राहिला. त्याने रुमाल पुन्हा डोक्याला बांधला आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.