अर्धी मिशी, अर्धी गोष्ट

मुख्याध्यापकांचा संताप मिशीपासून सुरू झाला नाही, पुस्तकापासून सुरू झाला. संध्याकाळी शाळेत त्यांचा निरोप समारंभ होता. फोटोवाला येणार होता, म्हणून उभ्या शाळेला जरब बसवणारी आपली झुपकेदार मिशी कोरून घ्यायला ते सलूनमध्ये येऊन बसले होते. समोर आरशाखाली, पावडरच्या डब्याला टेकून एक पुस्तक उभं होतं. मुखपृष्ठावर एक उघडाबंब गडी तलवार उगारून भल्यामोठ्या नागाच्या अंगावर धावून जात होता.

"अजून हेच वाचतोस?" सर म्हणाले. सलूनवाला त्यांचाच जुना विद्यार्थी. "तलवारी, चेटूक, राक्षस. अरे, वय काय तुझं? आणि हे लिहिणारे तरी कोण? पानं भरणारे लोक."

एरवी सलूनवाला म्हणजे गरीब गाय. पण आपल्या लेखकांबद्दल वाकडा शब्द त्याला खपत नसे. सरांच्या गालाला साबण फासता फासता त्याने त्या लेखकांची बाजू मांडायला घेतली. स्वस्तातल्या मासिकाला वेळेवर गोष्ट द्यायची, आणि ती अशी, की दोन वाक्यांत मेलेल्या राजाचं शहर दिसावं, तळघराचा गारठा वाचणाऱ्याच्या पायाला लागावा. पानं भरणाऱ्याला हे जमतं का, असं त्याने विचारलं. तोंडाला साबण असल्यामुळे सरांनी नुसतं नाकाने 'हुं' केलं. त्या 'हुं'ने तो पेटला.

मग त्याने गोष्टच सुरू केली. एक चोर, त्याचा दोस्त आणि नागाचं ओसाड देऊळ. मूर्तीच्या कपाळावर हिरा. दोस्त दाराशी पहाऱ्याला, चोर एकटा आत. सरांना हे सगळं अत्यंत बाष्कळ वाटत होतं. डोळे मिटले होते ते निव्वळ साबण जाऊ नये म्हणून. देवळातला दिवा विझतो. अंधारात मूर्तीची मान वळते. चोर तलवार उपसतो.

"आणि अस्सा वार करतो," सलूनवाला म्हणाला आणि त्याने वार केला.

हातात वस्तरा आहे हे दोघांच्याही लक्षात उशिरा आलं. सरांची डावी मिशी टॉवेलवर पडली होती.

सरांनी आधी आरशाकडे पाहिलं, मग टॉवेलकडे, आणि मग सलूनवाल्याचा पहिलीपासूनचा सगळा उद्धार केला. शाळेत बाकावर उभं करायचे तसं त्याला कोपऱ्यात उभं केलं. पण अर्धी मिशी घेऊन कोणता मुख्याध्यापक स्टेजवर चढणार? उरलेलीही काढावी लागली. सर तणतणत उठले, दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच गुरकावले, "त्या चोराचं पुढे काय झालं?"

"मला कुठं माहीत, सर? इथवर वाचलं आणि भूगोलाच्या तासाला तुम्ही पुस्तक काढून घेतलंत. पुन्हा कुठं मिळालंच नाही. हे आहे ते दुसरं."

वर्गात जप्त केलेली पुस्तकं सरांच्या घरी माळ्यावर ट्रंकेत होती. समारंभाचे कपडे तसेच पलंगावर ठेवून ते स्टुलावर चढले आणि धूळ उडवत शोधू लागले. अखेर मुखपृष्ठावर नागाचं देऊळ असलेलं पुस्तक हाताला लागलं. तेवढ्यात बायको आली. नवऱ्याचा तुळतुळीत चेहरा बघून तिला हसू आवरेना; लग्नापासून आपण हेच सांगत होतो, असं ती म्हणाली. मग तिचं लक्ष पुस्तकाकडे गेलं.

"अहो, हे होय? छान आहे. तो दोस्तच फितूर निघतो शेवटी."

तुम्ही शाळेत गेलात की दुपारी दुसरं काय करणार, सगळी ट्रंक वाचून झाली माझी, असंही तिने सांगितलं.

सर स्टुलावरूनच कडाडले. मिशी गेली तेव्हाही त्यांचा आवाज इतका चढला नव्हता.

"शेवट सांगायला तुला सांगितलं होतं कोणी? काही रीतभात आहे की नाही?"

"पोरकट पुस्तकं ना ही? मग एवढं काय झालं चिडायला?"

पुस्तक काखेत मारून सर खाली उतरले आणि चपला घालता घालता म्हणाले, "आता त्या सलूनवाल्या पोराला तरी शेवट सांगू नकोस."