शाल संस्थेची आहे

प्रफुल्ल खांबेटेच्या देखत चुकूनही काही चांगलं काम करू नये. तो तुमचा सत्कार करतो. शाल, नारळ, भाषण, सगळं. आणि भाषण झालं की शाल परत मागतो. "राग मानू नका," तो म्हणतो, "शाल संस्थेची आहे. नारळ तुमचा."

कॉव्हेंट्रीतल्या युनिव्हर्सिटीत आम्ही दोघं एकाच वर्षी मास्टर्स करायला गेलो. मी सांगलीची, तो चिपळूणचा. हॉलमध्ये, म्हणजे तिथल्या होस्टेलमध्ये, आमचं किचन एकच होतं. पहिल्याच आठवड्यात माझ्या फोडणीने फायर अलार्म वाजला आणि अख्खी इमारत कुडकुडत अंगणात आली. शेजारच्या खोलीतला गॅरेथ, एक धिप्पाड वेल्श मुलगा, आंघोळीतून तसाच टॉवेलवर बाहेर पडला आणि दारं ठोकठोकून त्याने सगळ्यांना बाहेर काढलं. लोक त्याच्या टॉवेलची काळजी करत होते. प्रफुल्ल मात्र भारावून गेला होता.

"नेतृत्वगुण! बघितलंस? नोंद घेतली पाहिजे याची."

झालं असं होतं, की त्याच्या अमेरिकेतल्या मावसभावाला तिथल्या कॉलेजातल्या लीडरशिप ऑनर सोसायटीत घेतलं होतं. गळ्यात पट्टा, हातात मेणबत्ती, तोंडी शपथ, असा फोटो घरोघर फिरला होता. इंग्लंडात मुलांच्या सोसायट्या पुष्कळ. चीज खाणाऱ्यांची एक, गुहांमध्ये उतरणाऱ्यांची एक, आणि एक तर निव्वळ चहात बिस्किटं बुडवणाऱ्यांची. पण कर्तृत्वाचा गौरव करणारी एकही नाही. कोणी काही मोठं केलं तर मित्र त्याला बिअरचा एक पाइंट पाजतात आणि विषय संपतो. प्रफुल्लला हे बघवेना.

"अगं, इथे माणसं एवढं करतात आणि त्यांना कोणी साधा नारळ देत नाही!"

मग त्याने स्टुडंट्स युनियनमध्ये स्वतःची लीडरशिप ऑनर सोसायटी नोंदवली, तिची घटना लिहिली आणि तो स्वतः अध्यक्ष झाला. विरोधात कोणी नव्हतं, कारण दुसरं कोणीच नव्हतं.

पहिला सत्कार अर्थातच गॅरेथचा झाला. किचनमध्ये टेबलाशेजारी उभं करून प्रफुल्लने त्याला शाल पांघरली आणि हातात नारळ दिला. गॅरेथ गोंधळला. तिकडच्या जत्रेत चेंडू मारून नारळ पाडायचा एक खेळ असतो, पाडला तर तो तुमचा. "पण मी चेंडू कधी मारला?" गॅरेथ मला हळूच विचारत होता. तेवढ्यात प्रफुल्लने त्याच्याकडे त्याच्या आईचा फोन नंबर मागितला.

घटनेतलं शेवटचं कलम हेच होतं. अध्यक्षांनी सत्कारमूर्तीच्या आईला जातीने फोन करून ही वार्ता कळवावी. त्याशिवाय सत्कार पूर्ण झाला असं मानू नये.

"मॅडम, मी तुमच्या मुलाच्या युनिव्हर्सिटीतून बोलतोय," प्रफुल्ल गंभीर आवाजात म्हणाला. पलीकडून किंकाळीच आली. काय केलंय त्याने, पोलीस आलेत का, हे सगळं विचारून झाल्यावर त्या माउलीला कळलं की आपल्या मुलाचा गौरव झालाय. मग ती रडली. मग तिने गॅरेथच्या लहानपणापासूनच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या. नारळ कवटाळून बसलेला गॅरेथ लालबुंद होऊन "मम्, प्लीज" एवढंच म्हणत राहिला.

पुढचा नंबर माझा लागला. मी लाँड्रीत कोणाचे तरी वाळलेले कपडे मशीनमधून काढून घड्या घालून ठेवले होते. मला ते मशीन हवं होतं, म्हणून. "परहितदक्षता!" असं ओरडून प्रफुल्लने सांगलीला फोन लावला. "काकू, मी प्रफुल्ल खांबेटे, लीडरशिप ऑनर सोसायटीचा अध्यक्ष." आईने आधी मी कोणत्या दवाखान्यात आहे ते विचारलं. मग दोघांची जी गट्टी जमली ती जमलीच. सत्कार माझा, आणि फोनवर अर्धा तास हा! मसालेभात, थंडीतले सांधे, चिपळूणचं पाणी. शेवटी फोन माझ्याकडे आला तेव्हा कॉलिंग कार्डावरचे पैसे संपले होते. त्यानंतर आईच्या प्रत्येक फोनचं पहिलं वाक्य ठरलेलं. "तो प्रफुल्ल जेवला का गं?" मी जेवले का, हे नंतर. वेळ उरला तर.

असं करत करत हॉलमधले बहुतेक सगळे सत्कारमूर्ती झाले. आमच्या मजल्याची साफसफाई करणारी मॉरीनसुद्धा. प्रफुल्लने तिच्या नर्सिंग होममधल्या म्हाताऱ्या आईला फोन केला, तर ती म्हणाली, "मला माहीतच होतं, ती पहिल्यापासून गुणी."

उन्हाळी टर्ममध्ये युनियनने पत्र पाठवलं. ही सोसायटी काही करताना दिसत नाही, वार्षिक सभेत आमची प्रतिनिधी येईल, तिची खात्री पटली नाही तर नोंदणी रद्द. प्रफुल्लचा चेहरा उतरला. आठवडाभर त्याने कोणाचाही सत्कार केला नाही. मी मुद्दाम दोनदा किचन घासलं, तरी नाही.

सभा दुपारी किचनमध्येच भरली. हॅना नावाची ती प्रतिनिधी बारीक चणीची आणि मुद्देसूद होती. "तुमची सोसायटी नेमकं काय करते?" तिने विचारलं. प्रफुल्ल नेतृत्वावर बोलला, राष्ट्रउभारणीवर बोलला आणि मध्येच अडकला. मदत करावी म्हणून गॅरेथने घटना उघडली आणि मोठ्याने वाचली: अध्यक्ष हा सत्कार झालेला सभासदच असावा.

सगळे प्रफुल्लकडे वळले. सगळ्यांचे सत्कार करता करता या माणसाचा सत्कार राहूनच गेला होता. वर्षभर संस्थेला कायदेशीर अध्यक्षच नव्हता!

"मग आत्ता करू!" मी शाल उचलली. प्रफुल्ल नको नको म्हणत असतानाच गॅरेथने त्याला खांद्यांना धरून उभं केलं. मॉरीनने नारळ दिला. टाळ्या झाल्या, टेबलं वाजली. गॅरेथ खिशातून फोन काढून म्हणाला, "आता तुझ्या आईचा नंबर."

"ते राहू दे."

"शेवटचं कलम आहे, प्रफूल. तूच लिहिलंयस."

प्रफुल्ल नारळाची शेंडी चाचपत राहिला. मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाला, "आई गेली गं, इकडे यायच्या आधीच. अ‍ॅडमिशनचं पत्र नंतर आलं. हातात घेऊन उभा होतो, सांगायचं कोणाला? बाबा 'बरं' म्हणतात आणि फोन ठेवतात."

मी ते इंग्रजीत सांगितलं. वर्षभर ज्याला आम्ही हसत होतो, तो दुसऱ्यांच्या आयांना आनंदाची बातमी सांगायची संधी शोधत हिंडत होता.

गॅरेथने स्वतःच्या आईला फोन लावला. "मम्, तो प्रफूल आठवतो ना? आज त्याला मिळालंय." फोनमधून एवढ्या मोठ्याने आनंदाचा चीत्कार आला की हॅना दचकली. मग मॉरीनने नर्सिंग होमला लावला. कोपऱ्यातून आणखी फोन निघाले. प्रफुल्ल एका हातात नारळ धरून एकेका आईला "थँक यू, मॅडम" म्हणत होता आणि बाहीला नाक पुसत होता.

हॅनानेही डोळे टिपले. "नोंदणी राहील," ती म्हणाली. "पण नारळ बाहेर फोडत जा. टेबलाचा टवका उडालाय."

शेवटी मी सांगलीला लावला. सांगलीत संध्याकाळ झाली होती. आईला सगळं सांगितलं आणि फोन त्याच्या कानाला लावला. माझी आई फोनवर ओरडूनच बोलते, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

"शाब्बास रे, बाळा! जेवलास का?"

"नाही काकू. सत्कार चालू आहे ना."

"मग ती शाल काढू नकोस. गार असतं तिकडे."

"काकू, शाल परत द्यायची असते. संस्थेची आहे."

"मागू दे कोणाला मागायची ती," आई म्हणाली. "मला नाव सांग."

कोणी मागितली नाही.