केरबा मुंगसाचा कान

मागच्यांनो, आधी ते मोबाइल खाली ठेवा. ठेवलेत? हं. तर एका जंगलात सापांची एक बाग होती. मोठी कमान, काचेची दालनं आणि जिकडेतिकडे पाट्या.

जंगलात साप हवे तेवढे हिंडत असताना बाग कशाला, असं विचारणारा एक शहाणा प्रत्येक वर्गात असतोच. बाळा, गप बस. घरामागे निघतो त्या सापाला बघून आपण बोंब मारतो. काचेमागे बसतो त्याला बघायला डबे भरून जातो. आता पुढे ऐक.

त्या जंगलात केरबा नावाचं मुंगूस राहत होतं. मुंगसांमध्ये एक रीत आहे. मुलगी बघायला गेलं की मुलीची आई आधी विचारते, "मुलाने नाग लोळवलाय का?" लोळवला नसेल, तर आतून पोहे येतच नाहीत. नुसतं पाणी पिऊन परत यावं लागतं.

केरबाला सगुणा फार आवडली होती. त्याने आपला फाटका कान पुढे केला. म्हणाला, "लोळवलाय की! बोरीच्या जाळीपाशी. कान त्याने तोडला, पण त्याला अशी अद्दल घडवली, की बस्स." पोहे आले. लग्न झालं.

खरी हकीकत तुम्हाला म्हणून सांगतो, कुठे बोलू नका. बोरीच्या जाळीपाशी नाग दिसला, एवढं खरं. दिसल्याबरोबर केरबा जो पळाला तो थेट घरात. कान बोरीच्या काट्याने फाटला होता.

पुढे बिट्टू झाला. त्या पोराला घास भरवायचा तर हीच गोष्ट लागायची. गोष्टीतला नाग दर वर्षी हातभर वाढत गेला. बिट्टू बापाच्या कानाला हात लावून बघायचा आणि खूश व्हायचा.

एकदा केरबाच्या सासूबाई, यमुनाक्का, राहायला आल्या आणि बागेत जायचं निघालं. केरबा म्हणाला, "ऊन किती आहे. सासूबाईंचे गुडघे दुखायचे."

"माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय?" यमुनाक्का म्हणाल्या. विषय तिथेच मिटला. सगुणाने टोळांचा चिवडा घेतला, उकडलेली अंडी घेतली, चटई घेतली. केरबाने तोंड पाडून पिशव्या उचलल्या.

बाग दाखवायला एक कासव होतं. ते इतकं सावकाश चालायचं, की मंडळी पुढे जाऊन, सगळं बघून, परत त्याला भेटायला मागे यायची. पण केरबाला त्या दिवशी ते कासवही घाईचं वाटत होतं. तो मगरीसमोर चटई टाकून बसला.

"मगर हलली की निघू," तो म्हणाला.

डबा संपला, यमुनाक्कांची एक डुलकी झाली, तरी मगर हलली नाही. शेवटी बिट्टू कंटाळून एकटाच पुढे धावला आणि तिथूनच किंचाळला, "बाबा, आपला नाग!"

काचेवर पाटी होती : 'फणीनाना नाग, सहकुटुंब. मूळ गाव, बोरीची जाळी.'

"अगं बाई! हाच की तो!" यमुनाक्का म्हणाल्या. 'काचेवर टकटक करू नये' या पाटीच्या बरोब्बर खाली त्यांनी टकटक केली. "अहो नाना, जरा बाहेर या. आमच्या जावयाला ओळखलंत का?"

केरबा पिशव्या घेऊन कसाबसा काचेपाशी आला. बिट्टूने त्याचं बोट घट्ट धरलं होतं. सासूबाई काय म्हणायच्या ते म्हणोत, सगुणा चार दिवस बोलली नाही तरी चालेल, पण पोराच्या हातून हे बोट सुटायला नको, एवढंच त्याच्या मनात होतं.

फणीनाना हळूहळू वर आला. त्याने केरबाकडे पाहिलं. मग कानाकडे पाहिलं. तेवढ्यात त्याच्यामागून एक इवलासा फणा डोकावला.

"बाबा, तुम्ही कान तोडलात ते मुंगूस हेच ना?"

फणीनानाचा चेहरा पडला. का पडला, कळलं का? त्या दिवशी बोरीच्या जाळीपाशी तोही पळालाच होता, उलट्या दिशेने. आणि नागांच्या घरीसुद्धा पोरांना घास भरवावेच लागतात.

दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहिलं. दोघांना सगळं समजलं.

केरबा घसा खाकरून बिट्टूला म्हणाला, "हाच तो, बेटा. काय चावा होता! आजही कान ठणकतो."

"तुम्ही तरी कुठे सोडलंत?" फणीनाना म्हणाला. "पावसाळी हवा पडली की माझा फणा अजून धरतो."

बिट्टूची मान ताठ झाली. पलीकडे छोट्या शेषूचीही झाली. सगुणाने नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नानंतर पाहिलंच नव्हतं.

इथे गोष्ट संपली असती. पण घरात सासूबाई असल्या की गोष्ट संपत नाही.

"मग होऊन जाऊ दे पुन्हा एकदा!" यमुनाक्का म्हणाल्या. "पोरांना डोळ्यांनी बघू दे. अहो कासव, ही काच उघडा."

केरबा गारठला. फणीनानाची जीभ आतल्या आत राहिली.

"किल्ली कमानीपाशी आहे," कासव म्हणालं. "आणतो." आणि निघालं.

कोण निघालंय हे बघून केरबाच्या जिवात जीव आला. त्याने छाती काढली. "लवकर आणा हो किल्ली! मला धरा कुणीतरी, नाहीतर काच फोडीन!"

"ये ना, ये!" फणीनानाने फणा काढून काचेवर आपटला, जरा बेतानेच. "दुसरा कानही ठेवत नाही!"

दोघेही घसा बसेपर्यंत ओरडले. आजूबाजूला गर्दी जमली. ससे टाळ्या वाजवू लागले. कासव कमानीपाशी पोहोचलं, तोवर बाग बंद व्हायची घंटा झाली.

"वाचला!" यमुनाक्का नागाकडे बघून म्हणाल्या.

परतताना बिट्टू बापाच्या खांद्यावर होता. "बाबा, मीपण मोठा झालो की नाग लोळवणार."

केरबाचा ऊर भरून आला आणि लगेच काळजीही वाटली. पोराच्या लग्नाच्या वेळी असा समजूतदार नाग आणायचा कुठून? त्याने मागे वळून पाहिलं. काचेला नाक लावून शेषू बिट्टूला जीभ दाखवत होता. बिट्टूही त्याला वेडावत होता. आणि शेषूच्या मागे उभा राहून फणीनाना बिट्टूला नीट न्याहाळत होता.

पोरगं चांगल्या घरचं आहे, केरबाच्या मनात आलं. त्याने पिशव्या सावरल्या आणि निश्चिंत मनाने घरची वाट धरली.

तात्पर्य : मित्र कसेही मिळाले तरी चालतात. शत्रू मात्र घराणं बघून करावा.