काकूंचा फुटबॉल

आमच्या मांडवगणचे दिनकरआप्पा चपलेचा अंगठा तुटला की चप्पल जागेवर सोडतात आणि अनवाणी घरी येतात. अंगठा शिवून घेणं त्यांना मंजूर नाही. "दुरुस्ती म्हंजी फसवणूक. नवं घ्यावं आन् मोकळं व्हावं," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. छत्रीची काडी मोडली की छत्री भंगारात. कुकरची शिट्टी बिघडली की कुकर भंगारात. माझ्या घरातला पंखा त्यांनी टाकलेलाच आहे आणि मजेत फिरतोय.

त्यांचा खास डोळा फुटबॉलवर. खेळातला नव्हे हो. विहिरीत पाइपाच्या तळाला झडप असते, पाणी वर सोडते पण खाली परतू देत नाही. तिचं मूळ नाव फूट-व्हॉल्व्ह. आमच्याकडं तिचा फुटबॉल कधी झाला कुणास ठाऊक. एकदा मी माझ्या गळक्या फुटबॉलला नवं चामडं बसवलं, तर आप्पा विहिरीवर हजर. मोटार बंद करायला लावली, पाइपाला कान लावला आणि पाणी मागं सुळसुळतंय म्हणून जाहीर केलं. दुर्दैवानं ते खरं होतं. मग काय, वर्षभर ऐकून घेतलं.

गेल्या थंडीत सुमनकाकूंना, म्हणजे आप्पांच्या मंडळींना, धाप लागायला लागली. ओट्यावरून चुलीपर्यंत जाताना मध्येच बसायच्या. दौंडच्या डॉक्टरनं पुण्याला धाडलं. गाडी माझी, म्हणून मीही बरोबर. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, रक्त मागं फिरतं, ऑपरेशन लांबवू नका.

"म्हंजी फुटबॉल गळतोय," आप्पा म्हणाले.

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी उलगडून सांगितल्यावर त्या हसल्या. इथवर सगळं बरं चाललं होतं. मग त्या म्हणाल्या, झडप बदलायची नाही, आहे तीच शिवून, कडेनं रिंग बसवून दुरुस्त करू.

दुरुस्ती! आप्पांचा चेहराच उतरला. नवी टाका, चांगल्या कंपनीची टाका, म्हणून अडून बसले. बाईंनी पुन्हा समजावलं की धातूची बसवली तर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील, स्वतःची दुरुस्त होतेय तर तीच बरी. आप्पा सहीला हात लावेनात. मला तर अशी चीड आली. काकू इथं श्वासाला महाग झाल्यात आणि ह्यांचं आपलं तेच तुणतुणं. पण कागद पुढं सरकवला की ते आधी काकूंकडं बघायचे आणि मग तो मागं सारायचे. आप्पा घाबरले होते, दुसरं काही नाही. मला वाईट वाटलं.

शेवटी काकूच बोलल्या, दम खात खात. "अहो, इतकी वर्सं तुमची दुरुस्तीच करतीय न्हवं मी? बदललं का कवा तुम्हाला?"

आप्पांनी सही केली.

ऑपरेशन नीट पार पडलं. काकू आता ओढ्यापर्यंत चालून येतात. परवा मी विळा मागायला गेलो तर दार उघडंच होतं. काकू मेथी निवडत होत्या आणि आप्पा मागं बसून, डोळे मिटून, त्यांच्या पाठीला कान लावून होते. मला बघून ओशाळले.

"पाणी मागं येतंय का बघत व्हतो."

"रोज बघत्यात," काकू मेथीतून मान वर न करता म्हणाल्या. "तवर बोलू बी देत न्हाईत."

मी विचारलं, मग काय म्हणतोय फुटबॉल?

आप्पांनी बोटानं मला गप्प केलं आणि पुन्हा कान लावला.