चांदमारीचे दस्तगीर मिस्त्री

दस्तगीर मिस्त्री कुठंही गेले तरी आधी तिथल्या भिंतीला गाल लावतात. उजवा गाल. मग डावा डोळा मिटून भिंतीच्या कडेनं लांबवर बघतात, "हुं" करतात आणि मग ज्या कामाला आले असतील त्या कामाला लागतात. मतदानाच्या दिवशी आमच्या शाळेतल्या केंद्रावर ते असेच भिंतीला चिकटले. मागं रांग खोळंबली. केंद्राध्यक्षांना वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली. त्यांनी शिपायाला पाण्यासाठी पळवलं. मिस्त्री पाणी प्याले, पेला परत दिला आणि म्हणाले, "मला काय झालं न्हाई. तुमची भिंत सूतभर भाईर गेलीया." मग शांतपणे मत देऊन घरी गेले.

सूत म्हणजे गवंड्याचं सगळ्यात बारीक माप, इंचाचा आठवा भाग. मिस्त्रींचा अख्खा संसार या सुतावर चालतो. चहात साखर सूतभर जास्त पडते, मिरजेचा जावई सूतभर तापट आहे, आणि सकाळची एसटी सूतभर उशिरा येते. म्हणजे पाऊण तास.

या माणसाची आणि माझी गाठ पडली ती चांदमारीवर. पलूसच्या पुढं, आमच्या गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याला गोळीबाराच्या सरावाची जुनी जागा आहे, तिला सगळे चांदमारीच म्हणतात. मी हायस्कुलात भूगोल शिकवते. कॉलेजात असताना एनसीसीत रायफल धरली होती, ती हौस काही सुटली नाही. तालुक्यातल्या आम्ही पाच-पंचवीस हौशी लोकांनी मिळून तिथं क्लब चालवलाय. क्लबच्या पोरी, कॉलेजचे एनसीसीवाले, होमगार्ड, सगळे आळीपाळीनं तीच जागा वापरतात. सगळ्यांची म्हणून ती कुणाचीच नव्हती. पत्रा उडाला तर एनसीसीवाले म्हणायचे क्लब बघेल, क्लब म्हणायचा होमगार्ड बघतील.

मग एका पावसाळ्यात निशाणांच्या मागचा मातीचा बांध खचला. गोळी पुढं शिवारात जाऊ नये म्हणून असतो तो बांध. त्याला फौजेच्या भाषेत बट म्हणतात. तपासणीला आलेल्या साहेबांनी बघताक्षणीच सांगून टाकलं, "पुढच्या पावसाळ्याच्या आत दुरुस्ती करा, नाहीतर कुलूप."

कुलूप लागलं असतं तर आमचं फार बिघडलं नसतं. बिघडलं असतं ते पोरींचं. दुसरी चांदमारी एसटीनं अडीच तासांवर. वैष्णवी नावाची आमची एक पोरगी आहे, राज्य निवड चाचणीच्या तयारीत असलेली. तिचे वडील तिला गावच्या टेकडीवर पाठवायला तयार झाले होते तेच आम्ही सहा वेळा त्यांच्या घरी चहा पिऊन आल्यावर. अडीच तासांच्या एसटीला ते कधीच हो म्हणाले नसते.

तेव्हा ठरलं, दर रविवारी श्रमदान. म्होरके झाले सुभेदार निकम. सव्वीस वर्षं फौजेत काढलेला माणूस. पहिल्या रविवारी चौदाजणांना त्यांनी रांगेत उभं केलं, फावडी वाटली आणि कामाचा हुकूम सोडला. आणि त्याच वेळी फाटकातून सायकल ढकलत, हँडलला थापी-ओळंब्याची पिशवी अडकवलेले दस्तगीर मिस्त्री आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"इथं भिंतीचं काम हाय म्हणं," ते म्हणाले.

"हाय की. पर मजुरी न्हाई मिळायची, मिस्त्री," सुभेदार म्हणाले.

"मजुरीचं कुणी इचारलंया?" म्हणत मिस्त्री रायफली ठेवायच्या खोलीपाशी गेले आणि त्यांनी भिंतीला गाल लावला. नंतर आमच्याकडं असं बघितलं, की आम्ही चौदाच्या चौदा जण ओशाळलो.

आता गंमत अशी, की बंदुकीच्या आवाजाला हा माणूस जाम भितो. लग्नात फटाके लागले की जेवणाच्या पंगतीतून उठतो. खचलेल्या बांधाच्या बाजूला काम चालायचं तेव्हा पलीकडच्या कोपऱ्यात पोरींचा छर्ऱ्याच्या रायफलीचा सराव चालू असायचा. तिचा आवाज तो काय, चुटकी वाजवल्यागत. पण मिस्त्री दोन्ही कानांत अत्तराचे फाये कोंबून यायचे. फाये कसले, लिंबाएवढे बोळे. त्यामुळं त्यांना वास सुरेख यायचा आणि ऐकू काही यायचं नाही. सुभेदार गळ्याच्या शिरा ताणून ओरडायचे, "मिस्त्री, दोरी डावीकडं घ्या!" मिस्त्री प्रसन्न हसायचे आणि दोरी होती तिथंच ठेवायचे. सुभेदारांचा हुकूम न ऐकणारा तालुक्यात तो एकच माणूस. दुपारी दोरी बघितली की कळायचं, डावीकडं घ्यायची गरजच नव्हती.

दुसऱ्या रविवारी सुभेदारांकडून एक चूक झाली. जेवताना सहज सांगून बसले, की बांधाच्या मातीत खडा नसावा. गोळी खड्यावर आपटली तर उलटी माघारी येते.

मिस्त्रींचा घास हातातच राहिला. त्यांनी एका कानातला बोळा काढला. "माघारी? म्हंजे पोरींच्या अंगावर?"

"कवातरी. लाखात एकांदी."

"ती एक कोणची, ते ठावं असतंय का तुमास्नी?"

पुढच्या रविवारी मिस्त्री सायकलवर बांधून वाळूची चाळण घेऊन आले. बांधाच्या तोंडावर चढणारं मातीचं प्रत्येक घमेलं त्या दिवसापासून चाळून घ्यायचं असा त्यांनी कायदा केला. टेकडीएवढी माती, आणि चाळण एक. आमच्यात विट्याकडचा संपत होता. त्याचं कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान. गावच्या जत्रेला म्हणून महिनाभर आला आणि आमच्या तावडीत सापडला. तो कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "मिस्त्री, आमी सोनं गाळतो, पर इतकं बारीक कवा बघत न्हाई रं बाबा."

"सोन्याचं काय," मिस्त्री म्हणाले, "ते उडून कुणाच्या डोळ्यात जात न्हाई."

एप्रिल आला. ऊन तापलं. साहेबांची तारीख जवळ येत चालली आणि बांध अजून कमरेएवढाच. सुभेदारांचा धीर सुटला. एका शनिवारी त्यांनी भाच्याचा ट्रॅक्टर लावून दोन ट्रॉल्या माती न चाळता टाकून घेतली, वरून पाणी मारलं, चोपली आणि आम्हाला तंबी दिली, "कुणी बोलायचं न्हाई."

रविवारी मिस्त्री आले. बांधापुढं उभे राहिले. गाल लावायला ती काही भिंत नव्हती, म्हणून त्यांनी दंडापर्यंत हात मातीत खुपसला. बाहेर काढला तेव्हा मुठीत सुपारीएवढा खडा होता. त्यांनी तो आमच्यापुढं धरला. शाळेत मी कॉपीची चिठ्ठी धरते, तसा.

"ह्यो कुणाचा?"

सगळे जमिनीकडं बघायला लागले. सीमेवर रात्री जागवलेला, छातीवर बिल्ले मिरवलेला माणूस शेवटी कसाबसा म्हणाला, "माजा."

"मग तुमीच काढा."

सुभेदार तणतणले. "आवं, साहेब पंधरा दिसांवर आलाय! चांदमारी बंद पडली तर ही चाळलेली माती काय डोक्यावर घिऊन नाचायची हाय?" मिस्त्रींनी बोळा परत कानात घातला आणि चाळणीपाशी जाऊन बसले. मग शर्टाच्या बाह्या दुमडून सुभेदार बांधावर चढले आणि आपली माती आपणच उपसायला लागले. तिथून पुढं रविवारची वाट कुणी बघितली नाही. शाळा सुटली की मी, दूध घालून झालं की गवळी, ज्याला जमेल तो येत गेला. संपतनं परतीचं तिकीट रद्द केलं. एक चाळण होती तिथं पाच झाल्या.

बांध झाल्यावर राहिली फरशी. जिथं झोपून नेम धरायचा तिथली जमीन उखडली होती. मिस्त्रींनी शहाबादी फरशी घातली. दुसऱ्या दिवशी मी सकाळी लवकर पोचले तेव्हा सुभेदार फाटकातून धावत सुटलेले. "बाई, पाणी आणा! मिस्त्री पडलं!"

मिस्त्री पडले नव्हते. पांढरा पायजमा सावरून पोटावर पालथे झोपले होते. हातात रायफल धरल्यागत धरलेली पाण्याच्या पातळीची नळी. सात जागा होत्या, आणि ते एकेका जागी झोपून बघत होते.

"कोपराखाली फरशीचा सांधा यितोया," ते पडल्यापडल्याच म्हणाले. "दोन घंटं पोर झोपणार ह्यावर. टोचंल की."

मग त्यांनी वैष्णवीला बोलावलं. तिला रायफल घेऊन झोपायला लावलं आणि तिची कोपरं टेकली तिथं खडूनं गोल काढले. नंतर दुसरीची, तिसरीची. सातही जागांचे सांधे त्यांनी उकलले आणि कोपर कुठंच सांध्यावर येणार नाही अशा बेतानं फरशी पुन्हा बसवली. इतकं सगळं करून रायफलीला मात्र त्यांनी एकदाही हात लावला नाही. वैष्णवी म्हणाली, "चाचा, एकदा धरून तर बघा." तर ते दोन पावलं मागं सरले. "नगं बाई. तुजी हाय ती. माजं काम खालचं."

साहेब आले. लोखंडी सळई घेऊन त्यांनी बांधात दहा ठिकाणी खुपसली. एकदाही 'खट्ट' झालं नाही. मग त्यांनी माती मुठीत घेतली, बोटांतून खाली सोडली आणि विचारलं, "ही कुणी केली?" आम्ही सगळे मागं वळलो. मिस्त्री लांब, फाटकाबाहेरच्या लिंबाखाली सायकल धरून उभे होते. साहेबांनी सही केली तसा जल्लोष झाला. पेढे वाटले, फोटो निघाले. फोटोत उभं करायला मिस्त्रींना शोधलं, तर लिंबाखाली कुणी नव्हतं.

पुढच्या रविवारी चांदमारी पुन्हा सुरू झाली. मिस्त्री आले नाहीत. आम्हाला वाटलं, आवाजाला भ्याले असतील. त्याच्या पुढच्या रविवारीही आले नाहीत. मी निरोप धाडला. उत्तर आलं, 'बरं.' तिसऱ्या रविवारी सकाळी सुभेदार दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. मग माझ्यासमोर येऊन म्हणाले, "बाई, गाडी काडा."

मिस्त्रींचं घर दोन खोल्यांचं, गल्लीच्या टोकाला. दारात खाट टाकून ते एकटेच बसले होते. बायको बानू जाऊन दोन वर्षं झालेली. मुलगी मिरजेला. आम्हाला बघून गडबडून उठले. स्टोव्ह पेटवून चहा ठेवायला लागले. मी विचारलं, "मिस्त्री, रागावलात का आमच्यावर?"

"राग कशाचा, बाई?"

"मग येत का नाही?"

"काम झालं की." त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता. "पुऱ्या झालेल्या जागी गवंडी जात नसतोय."

मी म्हटलं, असं कुठं असतं?

मिस्त्री चहा गाळत राहिले. "चाळीस वरसं झाली, बाई. पलूसात, तासगावात, तिकडं विट्याला, लय घरं बांदली. बांदतो तवर आपलंच असतंय. कुठनंबी जा, कुठंबी बसा. मालकीण च्या आणून देती. आन् एक दिस पूजा हुती, जेवान हुतं, टॉवेल-टोपी देत्यात. दुसऱ्या दिवशी तितनं चाललो, जरा पायरीवर थांबलो, की आतनं आवाज यितोय, 'कोण पायजे?'" ते हसले. "त्यात वाईट काय न्हाई. घर त्येंचं. बानू हुती तवा तिला येऊन सांगायचो, आज ह्येची भिंत अशी उठवली, त्येचा जिना तसा वळवला. ती सगळी घरं तिला ठावं हुती. आता हितंच बरं वाटतंय."

त्यांनी कपबशा आमच्यापुढं ठेवल्या. सुभेदारांनी कप बाजूला सारला. मग कवायतीच्या मैदानावर बोलावं तसे मोठ्यानं म्हणाले, "मिस्त्री, आवं, चांदमारी कवाच पुरी हुईत न्हाई. रोज त्यात गोळ्या घुसत्यात. दर रविवारी ती माती उकरायची, शिसं येचायचं, चाळायची, पुन्यांदा चोपायची. मला ते जमत न्हाई. मी त्यात खडं टाकतो, तुमी बघितलंय."

मिस्त्रींनी त्यांच्याकडं बघितलं.

"जरा थांबा," म्हणाले आणि आत गेले. बाहेर आले तेव्हा अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा होता.

आम्ही पोचलो तेव्हा एक फेरी संपली होती. रायफली खाली ठेवून पोरी निशाणाचे कागद बघत उभ्या होत्या. सुभेदारांनी स्वतः फाटक उघडलं, बाजूला झाले आणि म्हणाले, "या मिस्त्री. आत या."

मिस्त्री फरशीपर्यंत आले आणि थांबले. खाली वाकून त्यांनी चपला काढल्या, कडेला नीट जोडीनं ठेवल्या, आणि कुणाच्या घरात जावं तसं अनवाणी पाऊल फरशीवर टाकलं. जड बूट घातलेल्या पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. मग वैष्णवी वाकली आणि आपल्या बुटाची नाडी सोडायला लागली.